तिसरा अंक

यादोराव कापगते, प्रॉम्प्टर,
सीपीयू घेऊन वडशाला आले मोटरसायकलवर,
जुन्या पडद्याच्या तुकड्यात बांधून.
पडद्यावर अर्धा राजवाडा, एक मोर.

"नाकाडे मास्तरचा आहे जी.
आखाडीच्या दिवशी लकवा मारला, बोलता नाई येत.
नाटक यातच आहे.
मंडईला पयला प्रयोग. पंधरा दिवस रायले."

पासवर्ड विचारला, तेव्हा मास्तरांनी
डाव्या हातानं हवेत काहीतरी लिहिलं.
बायकोला वाटलं, पाणी.
यादोरावांना वाटलं, सात.

मी सात टाकून पाहिले. बायकोचं नाव,
मुलीचं, कंपनीचं, गाडीचा नंबर.
मग स्क्रू काढले.
दार उघडत नसलं की आमच्याकडं
कवेलू सरकवून पोराला आत उतरवतात.
आत धानाचा कोंडा, जाळी,
एक वाळलेली पाल.

डिस्क माझ्या मशीनला लावली:
नाटक_नवीन
नाटक_नवीन_पक्के
नाटक_आता_बदलू_नये

उघडली, तर पानभर डॉलर, कंस,
इंग्रजी अक्षरांचा भुसा.
यादोराव उठूनच उभे राहिले.
"गेलं का जी?"
गेलं नव्हतं. फॉन्ट जुना होता.
आरमोरीच्या डीटीपीवाल्याकडं
एका ओरखडलेल्या सीडीत निघाला.
दिवेलागणीला टाकला, आणि भुशातून
आधी एक काना उभा राहिला, मग वेलांटी,
मग अख्खी सुगंधा:
"बाबा, मी परत जाणार नाही."

यादोराव वाचत गेले,
विंगेतून पोचेल एवढ्याच आवाजात.
चहावाला पोरगा रिकामे कप घेऊन थांबून राहिला.
पहिला अंक. दुसरा.
तिसऱ्यात सुगंधा उंबऱ्यावर येते, विचारते,
"आत येऊ का?"
बाप (थांबून):
पुढं नुसता कर्सर.

पुसलेल्या फाइलीसुद्धा वर काढल्या.
लग्नपत्रिका, वीजबिलं, रक्ताचा रिपोर्ट.
बापाचं वाक्य कुठंच नव्हतं.

"तीस वर्सं लोकाइले वाक्य सांगतलं जी,"
एवढंच म्हणाले यादोराव.
दोनशे रुपये दिले. आरमोरीच्या पेट्रोलचे वेगळे.
पेनड्राइव्ह खिशात घातला, बटन लावलं,
गाडीपर्यंत गेले
आणि परत आले.

"हे होतं तसंच करून देजा.
कुलूप बी तसंच ठेवजा.
मास्तरले वाटू नये, कोनी आत गेलं होतं."

मी डिस्क बसवली. एकेक स्क्रू पिळला.
झाकण लावण्याआधी
पाल होती तिथं ठेवली.