पलीकडचा दगड

कासिमिरोनं भाषण केलं नाही.
आपुरिमाकच्या कड्यावर उभं राहून
पलीकडचा एक काळा दगड दाखवला फक्त.
"रविवारी दुपारी शाळेच्या बाई
खडूची पिशवी त्या दगडावर ठेवून दम खातील.
एवढंच."

मग गवत. नुसतं गवत.
बायकांनी वळलेल्या सुतळ्या, सुतळ्यांचे दोर,
दोरांचे मांडीएवढे सोल.
दुसऱ्या दिवशी गारा झोडपून गेल्या.
तिसऱ्या दिवशी वरच्या आणि खालच्या गावात जुंपली :
कुणाचा दोर आखूड, कुणाचा ओला.
एलेउतेरियो तर हातातलं टाकून निघालाच.
"जा," कासिमिरो म्हणाला,
"पण वाटेत बाईंना सांग,
रविवारी येऊ नका."
तो उभा राहिला जरा वेळ.
मग तळहातावर थुंकला, खाली बसला,
वळू लागला.

संध्याकाळी कोकाची पानं द्यायला गेलो
तेव्हा म्हातारा पुन्हा बोट दाखवत होता
आणि बोट दगडाच्या बरंच डावीकडे.
तिथे आभाळ होतं.
त्याच्या दोन्ही डोळ्यांवर साय धरलेली.
"कधीपासून?"
"मागचा पूलही असाच बांधला.
तुला दिसतोय ना दगड?"
दिसत होता.
मी कुणाला बोललो नाही.

रविवारी सोल ताणताना
आम्ही साठ जण त्या एका दगडाकडे बघत होतो
आणि कासिमिरो
आमच्या श्वासांकडे कान लावून.

बाई आल्या. पूल झुलला, पण धरून राहिला.
दगडाशी त्या थांबल्याच नाहीत,
पिशवी काखेत मारून
तशाच चढणीला लागल्या.

"ठेवली का पिशवी?" त्यानं विचारलं.
"ठेवली," एलेउतेरियो म्हणाला.