कमरेखालचा घोडा

वाळपईच्या पंचायत हॉलात, शनिवारी,
खुर्च्या भिंतीला सरकवून आम्ही काता करायचो.
आंतोनसर दर हालचालीपाशी थांबवून विचारायचे,
समोर कोण आहे? कुठला हात उचललाय त्यानं? किती जवळ?
कोणी नुसताच हात फिरवला की म्हणायचे,
वाऱ्याला मारू नको गे, त्यानं तुझं काय खाल्लंय?

तीच खोड घेऊन मी त्या शिगम्यात मांडावर उभी.
ढोल, ताशे, कांसाळं.
बाबा कमरेला घोडा बांधून घेत होते:
कामट्यांवर ताणलेलं लाल कापड,
लाकडी मानेत अबोलीचे वळेसर,
डाव्या हातात लगाम, उजव्यात तलवार.
बायकांनी बांधायचा नसतो तो.
बघायला मात्र कोणी अडवत नाही.

मी मोजून बघितलं.
तलवार समोर पडतच नव्हती.
उजवीकडे, खाली, गुडघ्याच्या जरा वर.
म्हणजे पायी माणूस. घोड्याला धरायला धावलेला.
डावा कोपर बरगडीला चिकटलेला,
लगाम कोणी हिसकू नये म्हणून.
आणि गिरकी, पाठ उघडी पडली म्हणून.
सगळं वहीत उतरवलं, बाणांसकट.

रात्री बाबा घंगाळात पाय सोडून बसलेले,
घुंगरांनी घोटे सोलून निघालेले.
वही पुढे धरली.
"देवाचें तें," म्हणाले. "अर्थ कसलो?"
पेज संपेपर्यंत एक शब्द नाही.
मग चमचा चाटून पुसला, तलवारीसारखा धरला:
कोपराचं बरोबर आहे तुझं.

आणि आठव्या ठोक्याला सगळेच डावीकडून वळसा घेता,
तिथे किती जण होते?
"थंय? थंय पणस आशिल्लो."
काँक्रीट घालताना तोडला,
बाबा तेव्हा चौथीत.
मी वहीतले तीन शत्रू खोडले.

मग ती दोन पावलं मागे? माघार ना ती?
बाबा हसले, पाणी हिंदकळलं.
"मी खंय फाटीं वता? घोडो वता."
ओला हात कमरेवर आडवा ठेवला.
इथून वर स्वार. इथून खाली जनावर.
जनावराला पळायचंच असतं, त्याला दोन पावलं द्यायची.
लगाम तेवढा सोडायचा नाही.

होंड्याच्या तिस्कावर, शेवटची बस चुकलेली,
पर्सच्या पट्ट्यावर एक हात आला.
सात वर्षांच्या कातांपैकी
मला एकही आठवली नाही.
गुडघे पाणी झाले, पाय मागे गेले.
दोन पावलं. मी जाऊ दिले.
कोपर मात्र बरगडीला चिकटून राहिला
आणि उजव्या हातातली मिटलेली छत्री
उजवीकडे, खाली, गुडघ्याच्या जरा वर...
तो शिव्या घालत लंगडत गेला.
मी बाकावर बसले आणि अर्धा तास
कमरेखालचं सगळं थरथरत होतं,
वरचं छत्रीची वाकलेली काडी सरळ करत होतं.

आंतोनसरांना सांगितलं.
त्यांनी विचारलं, कुठली काता?
मी म्हटलं, सर, तुमच्याकडची नव्हे.
त्यांनी मला ती तीनदा करून दाखवायला लावली.

आता शनिवारी हॉल माझ्याकडे.
बाबांचा घोडा माझा चुलतभाऊ तुकाराम बांधतो.
पणस त्यानं पाहिलेला नाही,
वळसा मात्र वीतभरही चुकत नाही.

धनगरवाड्यावरनं येणारी जनी वरक, वय नऊ,
प्रत्येक हालचालीला हात वर करते:
टीचर, इथं समोर कोण?
जेवढं ठाऊक तेवढं सांगते. मनगट धरणारा.
केस ओढणारा. मागून मिठी मारणारा.
परवा तिनं एका संथ, आडव्या पावलापाशी अडवलं,
ज्याचा अर्थ सरांनाही कधी लागला नव्हता.
मी वही चाळली. तिथे कोरं होतं.
म्हटलं, कुणास ठाऊक जने,
कोणाचं तरी झाड असेल.
वळसा घाल, नि पुढं चल.