फणीची पात

दौलत धकात्यांच्या गॅरेजला पाटी नाही.
गोळीबार चौकात कोणालाही विचारा, "जावावाले कुठं?"
हात डावीकडं होतो,
जिथं कडुलिंबाच्या फांदीला
सात सायलेन्सर लटकतात, वेलीवर जून झालेल्या दोडक्यांसारखे.

मी बाबांची गाडी ढकलत नेली. बहात्तरची.
मरून रंग उडालेला, टाकीचं क्रोम तेवढं शाबूत.
बाबांनी ती मला कधी चालवू दिली नाही.
"किक उलटी मारते," म्हणायचे,
"पोरीचा घोटा जाईल."

"बसा बाई," धकाते म्हणाले,
"आधी तिचं ऐकून घेऊ."
आणि ऐकवत राहिले स्वतःच,
स्पॅनर मांडीवर, मे महिना पत्र्यावर.

"प्राग म्हणून गाव हाय जी, लई थंड.
तिथं एक बंदुका बनवणारा होता.
लढाई सरली, बंदुकीले गिऱ्हाईक नाही,
तर त्यानं दुसऱ्याची फटफटी घेतली, साच्यासकट.
अर्धं नाव आपलं, अर्धं तिचं,
झाली जावा.
मंग म्हैसूरले आली, साठ-एकसष्टात.
चंदनाच्या गावात टू-स्ट्रोकचा धूर,
सोचा तुम्ही!
पुढं सासरी बदलावं तसं नाव बदललं, येझदी.
अंगपिंड तेच. आवाज तोच.
शहाण्णवले फाटकाले कुलूप.
इकडं आमच्या मिलचा भोंगाही
तवाच कधीतरी घसा बसून गेला."

हे सगळं त्यांना कोणी सांगितलं, विचारलं.
"गाडीच सांगते," म्हणाले.
मग हसून, "अन् एक जुनं माहितीपुस्तक. पानं उंदरानं खाल्ली,
उरलं तेवढं पाठ हाय."

त्यांचे वडील कोष्टी. मागावर नऊवारी विणायचे,
पाय पावडीवर, हात धोट्याला.
"या गाडीत बी तसंच," धकाते म्हणाले,
"एकच दांडी. आत दाबून उभी फिरवली का किक,
परत आडवी आणली का गिअर.
उठवणारी तीच, चालवणारी तीच.
पावडीच्या घरातल्या पायाले
हे शिकवा लागत नाही."

पॉइंटचं झाकण उघडलं.
शर्टाच्या खिशातून, बिड्यांच्या मागून,
एक पोलादी पात काढली, गवताएवढी,
आणि फटीत सरकवली. अडली नाही, सैल पडली नाही.
"फणीची हाय. माग भंगारात गेला तवा
येवढी मागून घेतली.
कंपनीच्या मापाले बरोब्बर लागते.
काऊन लागते, देवाले माहीत."

मी सांगितलं, वर्धा रोडला नवं शोरूम आलंय,
तेच नाव, चकचकीत गाड्या.

"जाऊन आलो. मारबतीच्या दिवशी.
पोरानं थंडा दिला. गाडी चांगली हाय,
खोटं काऊन बोलू?
बसलो, तर पाय आपसूक डावीकडं,
दांडी शोधून राहिला.
पोरगं म्हणे, काका, बटण.
दाबलं. झाली चालू."

"मग?"

"मंग बंद केली.
दुसऱ्याच्या गाडीतलं पेट्रोल जाळू नये."

त्यांनी पात शर्टाला पुसली, खिशात ठेवली,
माझ्याकडं पाहिलं, मग गाडीकडं.
"मारा."

पहिली किक रिकामी गेली.
दुसरीला गाडी नुसती खोकली.
तिसरीला दांडी उलटी आली,
बाबांचा शब्द न शब्द खरा करत,
आणि मी मोठ्यानं शिवी दिली,
जी बाबांच्या समोर कधी दिली नसती.
धकात्यांनी ऐकलं नाही. ऐकलं असेल.

चौथीला
कडुलिंबाखाली निळा धूर पसरला,
सातही सायलेन्सर थरथरले जरासे,
आणि शेजारच्या पोहेवाल्यानं
तर्रीचा डाव हातात धरून मान वळवली.

पॉइंटचे पैसे घेतले नाहीत. प्लगचे साठ घेतले.

सक्करदऱ्यापर्यंत दोनदा चुकून
थांबायच्या जागी गिअर पडला.
घोट्यावर निळं उमटलंय, आठ आण्याएवढं.
आज पाचवा दिवस.
हळद लावली नाही अजून.