पोचपावती

मोतीमहालातल्या कारकुनानं विचारलं, पलटण कोणती?
मी म्हटलं, पलटण नाही.
हुद्दा?
तोही नाही.
तो बाई, लड़ाई में करते क्या थे?

विमानं पोचवायचे.

कराचीला खोक्यांतून उतरून जोडलेलं विमान
महाराजपुऱ्याला आणायचं,
तिथून अलाहाबाद, पुढं दमदम.
बंदुकांची तोंडं मेणकापडानं बांधलेली,
आत गोळी एकही नाही.
उतरलं की सही घ्यायची:
विमान एक. ओरखडा डाव्या पंखावर, जुना. घड्याळ एक.
घड्याळ वेगळं लिहायचे,
कारण घड्याळं चोरीला जात.

जाताना काही तास.
येताना तीन दिवस, थर्ड क्लास,
झाशीला गाडी बदलून, उशाला पॅराशूट.
एकदा कुणाचं तान्हं त्यावर निजलं
नि ओलं करून गेलं.
जनकगंजातल्या गच्चीवर मी ते वाळत घातलं तेव्हा
अख्खी आळी रेशीम बघायला वर आली.
किती पोलकी निघतील,
सगळ्याच मनात मोजत होत्या. मीही.

एका डोळ्यानं कमी दिसायचं म्हणून फौजेनं घेतलं नाही.
आणि आडनाव मुंगी.
आळीत म्हणायचे, मुंगीला पंख फुटले,
आणि म्हणीचा उरलेला अर्थ
मला बघून गिळून टाकायचे.
तो मी रोज चुलीपाशी
एकटीच पुरा करायची.

पंखांनी काही केलं नाही.
एक्कावन्नच्या भाद्रपदात कावीळ झाली,
अकराव्या दिवशी गेले,
घरात, बाजेवर.

ती विमानं पुढं कुठं गेली, कुणी कळवलं नाही.
एकदाच म्हणाले,
पोरी सासरी सोडून याव्यात
आणि एकीचंही पत्र येऊ नये, तसं झालं.

नाम बोलिए, कारकून म्हणाला.
नाव मी दोनदाच घेतलं होतं, तेही उखाण्यात.
त्याच्या हातातला टाक घेतला, लिहिलं:
त्र्यंबक हरी मुंगी.
हुद्द्याचा रकाना कोरा ठेवला.

त्यानं एकशे तेरा पावत्या थुंकी लावून मोजल्या,
शिक्का मारला.
मी म्हटलं, पोच द्या.
त्यानं लिहून दिली.

शेवटच्या पावतीवर घड्याळ नाही,
ते त्यानं पाहिलं नाही.
रात्री दिवा मालवला की
फडताळात ते अजून चालताना ऐकू येतं.
मी रोज किल्ली देते.