माशी

माळ्यावरून युरियाची गोणी खाली ओढली
तेव्हा आधी उंदराच्या लेंड्या पडल्या,
मग एक फुगा, कधीच न फुगवलेला,
वितळून सुतळीला चिकटलेला.
शेवटी बंदूक.
नऊ वर्षं उभी होती तिथं
तापल्या पत्र्याकडं तोंड करून.

दादा बाजेवरून बघत होते.
लकव्यानं अर्धं तोंड नेलं,
उरलेल्या अर्ध्यानं म्हणाले,
"कशाला करायलीस?"
मी आयटीआयात फिटर ट्रेड शिकवते.
वीस पोरं नि तीन पोरी माझ्यासमोर
वर्षभर लोखंड घासतात
चौकोन व्हावा म्हणून, उगंच.
मलाही घासायला काहीतरी आपलं पाहिजे होतं.
एवढं काही बोलले नाही.
म्हटलं, रविवार आहे.

रॉकेल आता कुठं मिळतंय;
हारुणभाईंच्या ट्रॅक्टरचं पाव लिटर डिझेल आणलं.
चार स्क्रू सुटले, पाचवा सुटेना.
दादांनीच कधीतरी त्याला चाकू लावलेला,
खाच पार गेलेली.
रात्रभर तेलात ठेवला,
सकाळी बोट लावलं तर फिरला.
सांगितलं तर हसले,
म्हणजे उजवा गाल हलला.

आतलं कातडी वायसर
पापडासारखं हातात मोडलं.
मोंढ्याच्या कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या खंडागळ्यांनी
म्हशीच्या कातड्याची चकती कापून दिली.
पैसे घेईनात.
"लिंबाजीची ना ही?
माझ्या पोरानं उरसात कंगवा जिंकला होता हिच्यावर."

दस्त्याला जवसाचं तेल, बोटानं, तीन दिवस.
एका जागी लाकूड फिकट पडलंय, गुळगुळीत.
परभणीच्या उरसात, माळेगावात, औंढ्याला
तिथं टेकलेले गाल कोण मोजणार.
माझा त्यात नव्हता.
माझे दोन्ही फुगे फुगवण्यात गुंतलेले,
रात्री भाकरीलाही रबराची चव.

मग नळीवर गुण्या धरला.
टोकाची माशी
उजवीकडं कललेली. सव्वा मिलिमीटर.
पडून झडून अशी वाकत नाही;
पितळेवर पकडीचे दोन दात
अजून स्वच्छ.
म्हणजे इथं शिंकायची तर माशी.

आठवला तो फौजदार,
वीस छर्रे, दोन फुगे,
बायकोसमोर लाल झालेला.
आणि आठवलं,
शेवटचा रुपया मुठीत धरलेल्या पोराच्या
कानाशी वाकून दादा काहीतरी पुटपुटायचे,
आणि फट् व्हायचं.

विचारलं नाही.
तीच पकड, मध्ये कापड,
हळू, दम धरून,
गुण्यात बसेपर्यंत.

संध्याकाळी मागच्या भिंतीला
चिकटपट्टीनं एक पिवळा फुगा लावला.
दादांचा डावा हात उठत नाही,
म्हणून त्यांच्यापुढं उकिडवी बसले,
नळी माझ्या खांद्यावर.
मानेशी त्यांचा श्वास
पहिल्यासारखाच थांबला.
चुन्याची खपली उडाली
फुग्याच्या वीतभर उजवीकडं.

चाळीस वर्षांचा नेम होता तो.
दादांनी नळीकडं बघितलं,
मग माझ्याकडं.
"सरळ केलीस?"
"हो."

लिंबावर साळुंक्या भांडत होत्या.
हारुणभाईंच्या घरी कुणीतरी लसूण फोडणीला टाकला.
मी नळी मोडली, छर्रा भरला,
त्यांच्याकडं दिली. त्यांनी परत सारली.
"तू मार."

फिकट जागेवर गाल टेकवला.
जवसाचा वास, खाली थोडं डिझेल.
कानाशी ती अर्ध्या तोंडाची कुजबुज,
"जरा उजवीकडं..."

थांबले.

"नाही. मधोमध धर."