पावणेआठ

लीड्स. स्टेशनमागचं बोळ.
बारा तास उकळलेली हाडं, असं फळ्यावर खडूने लिहिलेलं,
आणि खरंच, रस्सा ओठांना चिकटतो.
शेवया बऱ्या. अंड्याचा बलक मात्र
त्याच खडूचा केल्यासारखा.
साडेसहा.

कार्डिफ. पाऊस नव्हता,
त्याचा अर्धा गुण शहराला. दुकानाला कशाला?
तर्री लालभडक, वर तरंगणारी,
खाली नुसतं मीठ आणि घाई.
सव्वापाच.

वहीत असे एकोणतीस वाडगे आहेत.
मी गावोगावच्या दवाखान्यांतून
म्हाताऱ्यांच्या कानांत यंत्रं बसवते,
संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत कोरडं सँडविच खायला
जिवावर येतं, म्हणून रामेन.
एकटीने खायला याहून सभ्य जेवण नाही:
वाफेत तोंड लपतं.

सोबत काम करणारी शोना विचारते,
दहापैकी गुण देतेस, मग हे पाव नि पाऊण कशाला?
तिला कसं सांगू,
पावणेआठ म्हणजे आठाच्या दारात
चपला काढत उभं असलेलं काहीतरी.
सव्वासात म्हणजे सातातून निघालेलं,
पण अजून वळून बघणारं.
तिच्या भाषेत हे सगळे दशांश चिन्हाच्या मागे
बाकावर बसून राहतात.

फेब्रुवारीत ताप आला.
गेला, जाताना वास घेऊन गेला.
साबण, कॉफी, बसमधले ओले कोट,
सगळं काचेपलीकडे.

ग्लासगोत चौदा पाऊंड मोजून
मी गरम पाणी प्यायले, त्यात दोरे होते.
आचारी काउंटरवरून बघत होता,
आवडलं का, असं भुवईने विचारत.
मी अंगठा वर केला.
वहीत नुसती एक आडवी रेघ.
त्याचा काय दोष.

मग हल.
सकाळी मिस्टर ऑसलर, वय एक्याऐंशी,
अठ्ठावीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनखोलीत.
चार हजार हर्ट्झच्या पुढचं सगळं समुद्रात गेलेलं:
'स' गेला, किल्ल्यांची खुळखुळ गेली,
नातीची कुजबूज गेली.
यंत्रं लावली. ते म्हणाले, ठीक आहे,
आणि टोपी घालून निघून गेले.
माणसं पहिल्या दिवशी असंच म्हणतात.

संध्याकाळी गोदीजवळच्या दुकानात
शेजारच्या स्टुलावर तीच टोपी.
नात आत भांडी घासते, मंगळवारी फुकट.
काट्याने शेवया गुंडाळल्या, तोंडाशी नेल्या,
ओढल्या,
आणि थांबले.
मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.
"हा मी?"

पुन्हा एक, चोरून, बारीक.
मग एक मोठा,
असा की आचाऱ्याची पळी थांबली.

आमच्या घरी पाहुण्यांसमोर भुरका मारला
की मांडीला चिमटा बसायचा,
पाटाखालून, कुणाला न दिसता.
चाळीस वर्षांनी मांडी आपोआप आखडली.
तरी मी वाडगा उचलला
आणि मारला भुरका.
चव नव्हतीच. पण ऐकलं मी ते:
आधी काठावरची फुंकर,
मग लांब ओली सरसर,
शेवटी शेपटाचा टप्प ओठांवर.
दोन महिन्यांत पहिल्यांदा
जेवणात काहीतरी घडत होतं.

त्यांनी स्वतःचं अंडं माझ्या वाडग्यात टाकलं.
अंडी आवडत नाहीत, म्हणाले. आचाऱ्याला सांगू नकोस.

मी वही काढली.
रस्सा: माहीत नाही.
शेवया: लांब, बोलक्या.
अंडं: दोन.
ते वाकून बघू लागले, ही अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी,
यातला आकडा कुठला?
मी बोट ठेवलं.
किती?
आठाला पाव कमी.
"पाव कुठे गेला?"

मी नाकाला बोट लावलं,
पण ते उत्तराला थांबलेच नव्हते,
वाडग्यात तोंड घालून
पुन्हा स्वतःला ऐकत होते.