नऊ वॅट

मार्गशीर्ष लागला आणि चित्रीनं पिसं टाकायला काढली.
आधी मानेची, मग पाठीची,
खुराड्यात कुणी उशी फाडावी तशी.
तुरा फिका, चाल ओशाळलेली.

अंड्यांच्या रेघा मी कॅलेंडरवर मारते.
फाल्गुनात चार-चार,
चैत्रात तर रेघा शेजारच्या तारखेत गेल्या.
वैशाखात पत्रा तापला, चोची उघड्या,
कवचं इतकी पातळ की उचलताना श्वास धरायचा.
श्रावणात पुन्हा भरभरून,
आणि नेमकी तेव्हाच सगळी बोपोडी सोवळ्यात.
"महिनाभर नको गं बाई," नेवसेबाई कुंपणापलीकडून.
आता मुळेकडून धुकं येतं,
आणि त्याच बाई, गुरुवार सोडून रोज,
"निघालंय का एखादं? नातवाला खोकलाय."

चौकोन कोरे.

मिसाळांचा ओजस मोबाइलवर वाचून आला.
"मावशी, चौदा तास उजेड लागतो त्यांना.
पहाटे चारला नऊ वॅटचा बल्ब.
टायमर मी बसवतो. तीन आठवड्यांत बघा."
पोरगा हुशार. वायरसुद्धा मोजून आणली होती.

मी चहा टाकला.
सांगितलं नाही त्याला,
पिंपरीच्या कारखान्यात एकवीस वर्षं
इंजेक्शनच्या कुप्या उजेडासमोर धरल्या,
मिनिटाला बावीस,
कण दिसला की बाजूला.
डोक्यावर ट्यूब, खिडकी नाही.
रात्रपाळीनं दुसऱ्या पाळीचा हिशोब असा बिघडवला
की डॉक्टरीणबाई तारीख विचारायच्या
आणि मी कारखान्याचं कार्ड आठवत बसायची.

"बल्ब राहू दे," म्हटलं. "जिन्यात लाव, तिथं काळोख आहे."
तो जरा हिरमुसला. दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

संध्याकाळी सहालाच दांडीवर चढतात पाचही जणी.
गोणपाट टाकताना हात आत घातला
तर चित्रीच्या मानेवर नवी पिसं,
अजून नळीत मिटलेली, दाभणासारखी.
दुखलं असावं. कण्हली.
मी हात काढून घेतला.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी एक अंडं.
लिंबाएवढं, एका बाजूला रक्ताची बारीक रेघ.
सवयीनं उन्हासमोर धरलं.
आत एक ठिपका होता.
बाजूला नाही ठेवलं,
कॅलेंडरवर रेघ मारली, पेन चालेना म्हणून दोनदा.

नेवसेबाईंना अजून बोलले नाही.